दहा रुपयांत काय येतं? अन्नाची मागणी आणि पोषणाची मागणी



मागच्या वर्षीच्या एका पालकसभेतला प्रसंग सांगते. माझ्या वर्गातली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीच्या आधीच दप्तरातून पाच रुपयांचा मसाला पुडा काढायची. कधी बिस्किटं असायची. मी तिच्या आईला सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, हे असलं देऊ नका. पौष्टिक द्या." ती माउली शेतमजुरीला जाते. ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, सकाळी सहाला घर सोडते मी. पाच रुपयांत लेकरू रडायचं थांबतं आणि पोटाला आधार होतो. पाच रुपयांत दुसरं काय येतं, तुम्हीच सांगा."

मला उत्तर देता आलं नाही. 'पौष्टिक द्या' हे वाक्य मी दहा वर्षं बोलत होते, पण पाच रुपयांत काय येतं याचा हिशोब मी कधी केला नव्हता. त्या दिवसानंतर याविषयी वाचायला लागले. जे समजलं ते सोप्या भाषेत आपल्यासमोर मांडते आहे.

१. गरज वेगळी, मागणी वेगळी

आपण मुलांना शिकवतो की अन्न ही मूलभूत गरज आहे. बरोबरच आहे. पण अर्थशास्त्रात गरज आणि मागणी हे दोन वेगळे शब्द आहेत. शरीराला लोह हवं, ही गरज. खिशात पैसे आहेत, वस्तू दुकानात आहे आणि ती घ्यायची इच्छाही आहे, तेव्हा ती मागणी होते.

आता आठवून पाहा, आपल्यापैकी कोणी कधी किराणा दुकानात जाऊन "दहा रुपयांचं लोह द्या" असं म्हटलंय का? आपण पालक मागतो, गूळ मागतो, बिस्किटं मागतो. लोह, प्रथिनं, जीवनसत्त्वं त्या वस्तूच्या आत बसून आपल्याबरोबर घरी येतात. त्याच वस्तूबरोबर चव येते, वेळेची बचत येते, मुलाचा आनंद येतो, पाहुण्यांसमोरची शोभाही येते.

केल्विन लँकेस्टर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९६६ साली हाच विचार मांडला. ग्राहक वस्तू घेत असला तरी त्याला खरं तर वस्तूतले गुणधर्म हवे असतात, असं त्याचं म्हणणं. गंमत अशी की चव जिभेला लगेच कळते, भूक भागली तेही लगेच कळतं, पण लोह कमी पडलं हे कळायला महिने लागतात. जे दिसत नाही त्याला मागणीही कमी.

२. पैसा वाढला की ताटात काय बदलतं?

जर्मनीतल्या सॅक्सनीचे संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली बेल्जियममधल्या कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. (हे कार्ल मार्क्सचे मित्र फ्रेडरिक एंगेल्स नव्हेत, नावात गोंधळ होतो.) त्यांना दिसलं की कुटुंब जितकं गरीब, तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. उत्पन्न वाढलं की अन्नावरचे रुपये वाढतात, पण एकूण खर्चातला त्यांचा वाटा घटतो. यालाच एंगेलचा नियम म्हणतात.

आपल्या देशातही हे दिसतं. सरकारच्या कौटुंबिक उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात १९९९-२००० मध्ये दर १०० रुपयांतले सुमारे ५९ रुपये अन्नावर जात होते. २०२२-२३ मध्ये ते सुमारे ४६ झाले. शहरात ४८ वरून ३९ झाले.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते आतल्या बदलाने. ग्रामीण भागात धान्यावरचा खर्च त्याच काळात १०० पैकी सुमारे २२ रुपयांवरून ५ रुपयांच्या आत आला. रेशनवर स्वस्त आणि आता मोफत मिळणारं धान्य हे त्याचं एक कारण आहेच. आणि पेये व तयार खाद्यपदार्थांवर? १०० पैकी साडेनऊ रुपयांहून थोडं जास्त. म्हणजे धान्याच्या जवळजवळ दुप्पट! आमच्या शाळेसमोरच्या टपरीवर लटकणाऱ्या रंगीत माळा बघितल्या की हा आकडा खोटा वाटत नाही.

३. आपल्याच महाराष्ट्रातला एक अभ्यास

शंकर सुब्रमण्यम आणि अँगस डीटन या दोन अर्थतज्ज्ञांनी १९८३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीतली ग्रामीण महाराष्ट्रातल्या साडेपाच हजारांहून अधिक कुटुंबांची माहिती तपासली. त्यांचा शोधनिबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१५ मध्ये डीटन यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या ज्या कामाचा गौरव झाला त्याचा विषयच उपभोग, गरिबी आणि कल्याण हा होता.

त्यांचा प्रश्न साधा होता. कुटुंबाचा खर्च १० टक्क्यांनी वाढला तर पोटात जाणाऱ्या कॅलरी किती वाढतात? याला लवचिकता म्हणतात. बारावीच्या अर्थशास्त्रात हा शब्द येतो, पण घाबरू नका. रबर ओढल्यावर किती ताणलं जातं, तसंच हे. पैसा 'ओढला' की मागणी किती ताणली जाते, एवढाच अर्थ.

उत्तर असं आलं: एकूण खर्च १० टक्के वाढला तर अन्नावरचा खर्च साधारण साडेसात टक्के वाढतो, पण कॅलरी मात्र ३ ते ५ टक्केच वाढतात. मग मधले पैसे गेले कुठे? ते महागड्या कॅलरींवर गेले. म्हणजे अन्नावर वाढलेल्या पैशातला साधारण निम्माच भाग 'जास्त' अन्नावर गेला आणि उरलेला निम्मा 'वेगळ्या', जास्त आवडीच्या अन्नावर.

त्या काळी खेड्यात ज्वारी हे गरिबाचं धान्य होतं. एका रुपयात सगळ्यात जास्त कॅलरी तीच द्यायची. हात जरा सैल झाला की माणूस ज्वारीची आणखी एक भाकरी खात नव्हता. तो गहू, तांदूळ, साखर, तेल, दूध आणायचा. आपल्या घरातल्या आजी-आजोबांना विचारा. सणालाच पोळी आणि भात, एरवी भाकरी, असं ते सांगतील. बहात्तरच्या दुष्काळातली लाल मिलो ज्यांनी खाल्ली, त्यांना ती पोटापुरती होती हेही आठवतं आणि घशाखाली उतरत नव्हती हेही आठवतं. आज पाहा, चाक उलटं फिरलंय! रेशनवर गहू-तांदूळ मोफत, ज्वारी बाजारातून विकत. आणि शहरातल्या हॉटेलात 'ज्वारीची भाकरी' वेगळा भाव लावून मिळते.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट. एका माणसाला दिवसभराच्या कामासाठी लागणाऱ्या कॅलरी त्या वेळी दिवसाच्या मजुरीच्या ५ टक्क्यांहून कमी पैशात विकत मिळत होत्या. याचा अर्थ गरिबी नव्हती असा मुळीच नाही. घरात खाणारी तोंडं किती, काम वर्षातले किती दिवस मिळतं, औषधपाण्याला किती जातं, हे सगळं त्यात धरलेलं नाही. पण 'फक्त पैसा वाढला की पोषण आपोआप सुधारेल' हे समीकरण तितकं सरळ नाही, हे नक्की.

४. मग गरीब माणूस चुकतो का?

इथेच आपण शिक्षक घसरतो. मीही घसरले होते. 'यांना कळत नाही' असं म्हणून मोकळे होतो.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. चीनमध्ये रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी गरीब कुटुंबांना मुख्य धान्यावर सवलत देऊन पाहिली. हुनान प्रांतात तांदळावर सवलत होती. तांदूळ स्वस्त झाल्यावर लोक जास्त भात खातील असं आपल्याला वाटेल. झालं उलट. त्या कुटुंबांचा तांदूळ कमी झाला, आणि एकूण पोषणात सुधारणा झाल्याचं दिसलं नाही. वाचलेले पैसे जास्त चवीच्या पदार्थांकडे वळले. बारावीच्या पुस्तकातली 'गिफेन वस्तू' ती हीच.

आता दुसरं टोक बघा. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिगलर यांनी १९४५ साली गणित मांडलं की एका माणसाला लागणारी पोषकद्रव्यं सगळ्यात स्वस्तात कशी मिळतील. १९३९ च्या भावाने उत्तर आलं वर्षाला ४० डॉलरपेक्षाही कमी. पण त्या यादीत फक्त पाच वस्तू होत्या: गव्हाचं पीठ, आटवलेलं डबाबंद दूध, कोबी, पालक आणि वाळलेल्या शेंगांचे दाणे. वर्षभर तेच! गणित बरोबर, पण तुम्ही-मी आठवडाभर तरी खाऊ का? मग जे आपण स्वतः करणार नाही ते मजुराच्या लेकराकडून का अपेक्षावं?

माणूस अन्नाकडून पोषणाशिवाय बरंच काही मागतो. त्यातल्या चार गोष्टी मला महत्त्वाच्या वाटल्या:

- चव आणि बदल. रोज तेच कोणालाच नको.
- वेळ आणि सरपण. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये दाखवलं की वस्तूच्या किमतीत आपला वेळही धरला पाहिजे. ज्वारी दुकानात ४० रुपये किलो असेल, पण ती निवडायची, गिरणीत न्यायची, थापायची, भाजायची. सहाला घर सोडणाऱ्या आईसाठी या वेळाची किंमत फार मोठी आहे. पुडा फाडला की झालं.
- मान. वर्गात सगळ्यांकडे पुडा आणि आपल्याच लेकीकडे शिळी भाकरी, हे आईला बोचतं. पोरीला त्याहून जास्त बोचतं.
- सुट्ट्या पैशातलं माप. हा मुद्दा मला त्या आईनेच शिकवला, पुढे सांगते.

५. आता दहा रुपयांचा हिशोब

आमच्या आठवडी बाजारातले आणि दुकानातले भाव घेऊन मी ही यादी केली. तुमच्याकडे भाव वेगळे असतील. कॅलरी आणि प्रथिनांचे आकडे अंदाजे आहेत.

- ज्वारी (४० रुपये किलो): २५० ग्रॅम, सुमारे ८३० कॅलरी, २५ ग्रॅम प्रथिनं
- ग्लुकोज बिस्किटं: साधारण १०० ग्रॅम, ४५० कॅलरी, ६ ते ७ ग्रॅम प्रथिनं
- मसाला पुडा: साधारण ३० ग्रॅम, १६५ कॅलरी, २ ग्रॅम प्रथिनं
- शेंगदाणे (१४० रुपये किलो): ७० ग्रॅम, ४०० कॅलरी, १७ ग्रॅम प्रथिनं
- फुटाणे (१२५ रुपये किलो): ८० ग्रॅम, २९० कॅलरी, १७ ते १८ ग्रॅम प्रथिनं
- तूरडाळ (१२५ रुपये किलो): ८० ग्रॅम, २७० कॅलरी, १७ ते १८ ग्रॅम प्रथिनं
- अंडं (७ रुपये): एक नग, ७५ कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं, आणि ३ रुपये परत

ही यादी पूर्ण झाल्यावर मी स्वतःच गप्प झाले. कॅलरीच मोजल्या तर दहा रुपयांची बिस्किटं शेंगदाण्यांपेक्षा आणि डाळीपेक्षाही पुढे आहेत! म्हणजे 'पोटाला आधार होतो' हे त्या आईचं म्हणणं बिस्किटांपुरतं अगदी खरं होतं. कमी पडतात ती प्रथिनं. ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे २३ ग्रॅम प्रथिनं लागतात. बिस्किटांतून त्यातली जेमतेम सहा-सात मिळतात. आणि त्या प्रथिनांचा दर्जाही मोजावा लागतो, म्हणून धान्याबरोबर डाळ हवीच. मसाला पुडा मात्र कॅलरीतही मागे आणि प्रथिनांतही मागे. तिथे आपण चव, मीठ आणि रंगीत कागद विकत घेतो.

म्हणून 'बाहेरचं सगळं वाईट' असं एका दमात म्हणण्यापेक्षा कुठल्या वस्तूत नेमकं काय कमी आहे हे सांगितलं, तर पालक ऐकतात. हिशोब त्यांनाही कळतो. रोजच्या मजुरीवर घर चालवणाऱ्याला तर आपल्यापेक्षा जास्त कळतो.

६. आपली खिचडी काय करते?

आता आपल्या शाळेकडे येऊ. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. वरची २३ ग्रॅमची गरज आठवा. एका जेवणात निम्मी प्रथिनं!

आपण शिक्षक अनेकदा कुरकुर करतो की शिकवायचं की तांदूळ मोजायचे. कामाचा ताण खरा आहे, नाकारत नाही. पण फरजाना आफ्रिदी यांचा मध्य प्रदेशातला अभ्यास (२०१०) वाचल्यावर माझी कुरकुर जरा कमी झाली. शाळेतल्या शिजवलेल्या जेवणामुळे प्राथमिकच्या मुलांची प्रथिनांची दैनंदिन कमतरता पूर्ण भरून निघाली, कॅलरींची कमतरता जवळजवळ ३० टक्क्यांनी आणि लोहाची जवळजवळ १० टक्क्यांनी कमी झाली.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की शाळेत मिळतं म्हणून घरच्यांनी मुलाच्या ताटातलं तेवढंच काढून घेतलं असं झालं नाही. जे शाळेत मिळालं त्यातलं बरंचसं मुलाच्या अंगी लागलं. घरात पैसे दिले तर ते दहा वाटांनी जातात, आणि त्या वाटा चुकीच्याच असतात असं नाही. पण वाढलेली खिचडी थेट त्या लेकराच्या पोटात जाते. आयोडीनयुक्त मिठाचंही तेच. 'आयोडीन द्या' असं कोणी मागत नाही, पण मीठ सगळेच घेतात, त्यातून आयोडीन आपोआप घरी येतं. ज्याची मागणी माणूस स्वतः करत नाही, ते रोजच्या वस्तूत मिसळून द्यावं लागतं.

म्हणून डाळ २० ग्रॅम ठरली असेल तर ती २० ग्रॅमच पडते ना, हे बघणं मला आता कारकुनी काम वाटत नाही.

७. वर्गात घेता येईल असा उपक्रम: बाजार वही (चौथी-पाचवी)

१. मुलांनी घरी किंवा दुकानात पाच वस्तूंचे भाव विचारून वहीत लिहावेत.
२. एकमान पद्धतीने १० रुपयांत किती ग्रॅम येतात ते काढावं. गणिताचा घटक आपोआप होतो.
३. रिकाम्या पुड्यांवरचा तक्ता वाचावा: वजन, ऊर्जा, प्रथिनं, मीठ. सुट्या वस्तूंचे आकडे शिक्षकांनी फळ्यावर द्यावेत.
४. चार रकान्यांचा तक्ता करावा: वस्तू, ग्रॅम, कॅलरी, प्रथिनं. पाचवा रकाना 'तयार करायला किती वेळ?' हा जरूर ठेवा. हाच रकाना मुलांना घरातल्या कष्टाची जाणीव करून देतो.
५. शेवटी चर्चा: 'तुझ्याकडे १० रुपये आहेत आणि आई कामावर गेली आहे. काय घेशील? का?'

एक काळजी मात्र घ्या. कोणाच्या घरी काय खातात यावरून वर्गात तुलना होऊ देऊ नका. डबा उघडून दाखवायला लावू नका. अंडं खाणारी आणि न खाणारी, दोन्ही मुलं आपलीच आहेत.

८. त्या आईचं पुढे काय झालं?

यादी झाल्यावर मी तिला भेटले. आधी सभेतल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. मग फुटाण्यांचं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "ते माहीत आहे मॅडम. पण पाच रुपयांचे फुटाणे दुकानदार मोजून देत नाही. पुडा पाच रुपयांत लटकलेला असतो."

हा तो सुट्ट्या पैशातल्या मापाचा मुद्दा. ज्याच्या हातात रोजचे पैसे रोज येतात, त्याला किलोचा भाव उपयोगाचा नसतो. त्याला पाच रुपयांत मिळणारी वस्तू लागते. हे पुडेवाल्यांनी ओळखलं, आपण ओळखलं नाही.

मग आम्ही दोघींनी मिळून तोडगा काढला. मजुरीचे पैसे बाजाराच्या दिवशी मिळतात, तेव्हाच अर्धा किलो फुटाणे आणि थोडे शेंगदाणे घेऊन डब्यात भरून ठेवायचे. सकाळी मूठभर मुलीच्या खिशात. शिजवणं नाही, थापणं नाही. त्या मुलीकडे आता आठवड्यातले तीन-चार दिवस फुटाणे असतात. उरलेल्या दिवशी पुडा असतोच, आणि मीही आता त्यावर काही बोलत नाही.

पालकहो, तुम्ही कमी पैशात आणि कमी वेळात मुलांना काय देता? शिक्षक मित्रांनो, तुमच्या गावच्या भावाने दहा रुपयांचा तक्ता करून पाहा आणि जरूर कळवा. आमच्या मुलांना दुसऱ्या गावचे भाव वाचायला फार आवडतात.